ताबुताच्या दिवशीचं लग्न

हल्ली आमच्या निमोण्यात लग्नाची तारीख मंगल कार्यालयाचा मालक देतो. त्याच्याकडं रिकामा असेल तो दिवस शुभ. त्या काळी तारीख गेणबाआबा काढायचे. बापानं मेंढरं राखली, आबांनी शेती केली. मुहूर्ताची विद्या कुठं शिकलात, असं त्यांना कुणी विचारलं नाही. ब्राह्मण पंचांगातून चार दिवस काढून देई, त्यातले तीन आबा बाद करीत. अमावस्या ब्राह्मण टाळायचा. शिरूरचा बाजार, पाटाच्या पाण्याची पाळी आणि भावकीतलं दुसरं लग्न आबा टाळायचे.

अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या नातीचं, प्रगतीचं, वरवंडच्या मुलाशी ठरलं. ती तान्ही असताना मरता मरता वाचली होती. तेव्हा आबांनी ताबुताला नवस केला होता : पोरीचं लग्न होईस्तोवर दर मोहरमला फकीर होईन. तेव्हापासून दरसाल अंगात हिरवा सदरा, मटण बंद, आणि शेवटच्या दिवशी ताबूत नदीत बुडवून थंड होईपर्यंत त्याच्याबरोबर चालायचं. एक साल चुकलं नव्हतं.

म्हणून या खेपेला त्यांनी जास्तच काळजी घेतली. मागल्या साली ताबूत मे महिन्यातच थंड झाला होता. आबांनी भिंतीवर राहिलेलं जुनंच कॅलेंडर बघून त्याच्या दहा दिवस अलीकडची तारीख पक्की केली.

पत्रिका द्यायला ते मेहमूदभाईंकडं गेले. ताबूत त्यांच्याच घरी बसायचा. मेहमूदभाईंनी पत्रिका दोनदा वाचली.

"आबा, ह्याच दिवशी ताबूत थंड व्हायचाय."

"त्यो मागनं हाय की. मागल्या साली..."

"मोहरम दरसाल धा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. तुमी बरोबर त्याच्या म्होरं जाऊन हुबं राह्यलात."

आबांनी पत्रिका परत घेऊन तारीख बघितली. मग म्हणाले, "येक दिस ढकला की पुढं."

"चांद माझ्या भावकीतला न्हाई, आबा."

वरवंडला पत्रिका वाटून झाल्या होत्या. आबांनी घरी येऊन मुलाला, संपतला, सांगितलं, "तुमी लगीन लावून घ्या. मी नदीवर आसंन." जिच्यासाठी नवस बोलला, तिच्याच डोक्यावर अक्षता टाकायला ते नसणार होते.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. अंतरपाट धरला, आणि प्रगती पाटावर चढेना.

"मुहूर्त टळतोय," नवऱ्या मुलाचा बाप म्हणाला.

"टळू द्या. आबा आल्याबिगर मी हुबी राहणार न्हाई."

"आत्ताच ही तऱ्हा, तर पुढं काय?" वरमाय म्हणाली.

"पुढचं तुमच्याकडंच हाय," संपत म्हणाला. "कळंलच."

ब्राह्मणानं मांडवावर एक नजर टाकली, पंचांग उघडलं आणि जरा उशिराचा, पण पहिल्यापेक्षा उत्तम असा मुहूर्त काढला. इतक्या चटकन मुहूर्त मिळालेला आमच्या गावानं त्याआधी पाहिला नव्हता.

दिवे लागल्यावर मेहमूदभाईंच्या लुनावर मागं बसून आबा आले. गुडघ्यापर्यंत धोतर ओलं, अंगात हिरवा सदरा. वरवंडकर एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आबा, कापडं तरी बदला."

"पोरगी ताटकळली," म्हणत आबांनी मूठभर अक्षता घेतल्या.

प्रगती आपणहून पाटावर चढली आणि ब्राह्मणाला म्हणाली, "म्हणा आता."