हिंमतरावाचा नंबर

धामणगाव बढ्याच्या तारबाबूंना विसरायची खोड होती. छत्री विसरत, चष्मा विसरत, एकदा तर सासऱ्यांनाच मलकापूर स्टेशनावर विसरून आले. पण अपमान म्हणाल तर एकही विसरले नाहीत. गावात त्यांना रमाकांत म्हणणारी त्यांची आई तेवढी होती, बाकी सगळ्यांचे ते तारबाबू. टपाल कचेरीत तारेचं यंत्र कट्टकडकट्ट करायचं आणि हे नुसतं ऐकून कागदावर अक्षरं उतरवायचे. कान असा तिखट, की चुलीवरचं दूध वर यायला लागलं की बाहेरच्या ओट्यावरून हाक मारत.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली, त्या उन्हाळ्यात त्यांची आई सत्यभामाबाई शेवटच्या अंथरुणावर होती. रस्त्यापलीकडे लग्नाचा मांडव आणि मांडवाशेजारच्या निंबावर हिंमतरावाचा भोंगा. आसपासच्या दहा गावांत भोंगा त्याचा एकट्याचा, त्यामुळे गडी कायम जमिनीच्या दोन बोटं वरूनच चालायचा. भर दुपारी आईने डोळे उघडले, लेकाला खुणेने जवळ बोलावलं आणि काहीतरी म्हणाली. भोंग्याच्या आवाजात ते बुडालं. तारबाबू तसेच अनवाणी रस्ता ओलांडून गेले आणि हात जोडून उभे राहिले.

"हिंमतराव, घटकाभर बंद ठेवा हो. आई काही सांगते आहे, ऐकू येत नाही."

हिंमतराव वऱ्हाडी मंडळींच्या घोळक्यात खाटेवर पाय पसरून बसला होता. "तारबाबू, लगन का रोज रोज येते? बुढ्या तं रोजच मरतेत," तो म्हणाला आणि मशीनचं बटण आणखी पिळलं. वऱ्हाडी खो खो हसले.

तारबाबू धावत परतले, कान आईच्या ओठांशी नेला. ओठ दोनदा हलले. मग हलेनात. पायाशी बसलेल्या बायकोला, शरयूला, त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?" तिलाही ऐकू आलं नव्हतं.

तेराव्याला आलेले लोक म्हणाले, झालं गेलं विसरा. सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातं! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तारबाबूंनी डूख धरला आणि तो मुरत ठेवला, घरात लोणचं मुरत ठेवतात तसा.

भोंगा चालूच होता. बारसं असो, सत्यनारायण असो, निंबावरून तो कोकलायचा आणि तारबाबूंच्या घरातल्या रेडिओवरचं गाणं त्याच्यापुढे मान टाकायचं. मग त्यांनी मलकापूरच्या भंगारवाल्याकडून पलटणीतला एक जुना हेडफोन आणला. कानावर गच्च बसणाऱ्या चामड्याच्या गाद्या होत्या त्याला. रेडिओला जोडून पाहिला तर गाणं मुंगीच्या चालीने यायचं, आणि वर भोंगा होताच. गाण्यात जीव यायचा तर मध्ये हेडफोनापुरता वेगळा ॲम्प्लिफायर हवा होता. तो काही बाजारात मिळत नव्हता.

तारबाबू खपले दोन वर्षं. मेलेल्या रेडिओंच्या पोटातून व्हॉल्व्ह काढले, ट्रान्सफॉर्मर काढला. बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याला भोकं पाडून त्यावर सगळं बसवलं. शेगडीच्या निखाऱ्यावर तापवलेल्या लोखंडी सळईने कथलाचे डाग देऊन तारा जोडल्या. एकदा असा झटका बसला की भिंतीवर जाऊन आपटले, आणि शरयूने ते यंत्र विहिरीत टाकायची शपथ घेतली. तरी यंत्र घूंऽ करतच होतं. शेवटी व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन तारा वेणीसारख्या पिळून बाजूला नेल्या आणि ते घूं गेलं.

यंत्राच्या पोटातले व्हॉल्व्ह लाल झाले. रेडिओवर सतार लागली होती. तारेवरून सरकणारं बोट ऐकू आलं. एक सूर थांबला आणि दुसरा लागला, त्यांच्यामधली बोटभर शांतताही ऐकू आली. समोर निंबावर भोंगा होता, त्याच्या धक्क्याने पानं हलताना दिसत होती, पण आवाज नव्हता. तारबाबू ढसाढसा रडले. खरं सांगायचं तर ते सतारीसाठी नव्हतंच. हे यंत्र तेव्हा असतं तर भोंगा बाहेर ठेवून आईचा शब्द आत घेतला असता, असं काहीबाही त्यांच्या मनात आलं.

गावाला कळायला किती वेळ! दर सुट्टीच्या दुपारी ओट्यावर नंबर लागू लागले. गंमत अशी, की हेडफोन लावलेला माणूस आपल्यासारखंच सगळ्यांना ऐकू येतंय असं समजून बोंबलून बोलायचा. सोजराबाई सहा वर्षांपासून ठार बहिरी. तिने कानाला लावलं आणि गाव गोळा केला, "बाई बाई! बाई गाऊन राह्यली वं!"

याच दिवसांत हिंमतराव रजिस्टर पत्र घ्यायला कचेरीत आला. तारबाबूंनी खाली मान घालून हळूच म्हटलं, "गाढवा, इथं सही कर."

"हाव, हाव, मजेत," हिंमतराव हसून म्हणाला.

तारबाबूंची लेखणी थांबली. बारा वर्षं भोंग्याच्या तोंडाशी बसून भोंग्यानेच मालकाचे कान खाल्ले होते. आणि हा ते लपवत होता, कारण बहिऱ्याच्या हाती गाणी कोण देणार? तारबाबूंनी ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नाही. त्या दिवशी जेवताना मात्र त्यांनी भात दोनदा मागून घेतला.

हिंमतराव नंबर लावायला तीनदा आला. "सांगतो," म्हणून तारबाबूंनी तीनदा परत पाठवला. साऱ्या गावाचा नंबर होऊन गेला, बैलांचा तेवढा बाकी होता. पोळ्याच्या दुपारी, बैल रंगवून झाले आणि माणसं रिकामी झाली तेव्हा, तारबाबूंनी स्वतः निरोप धाडला. ओटा भरलेला होता. गणपतीचं सगळं बघणारे शेषरावही होते. चार दिवसांवर गणपती, आणि भोंगा कोणाचा हे तेच ठरवायचे.

हिंमतराव धुतलेलं धोतर नेसून आला होता. नव्या मशीनला वाहतात तसा एक नारळ त्याने यंत्रापुढे ठेवला, वर कुंकवाचं बोट लावलं. मग तारबाबूंच्या अगदी जवळ सरकला.

"तारबाबू, सोजराबाईले ऐकू आलं म्हनतेत. खरं हाय का?"

तारबाबूंचा हात क्षणभर थबकला. मग त्यांना खाटेवर पसरलेले ते पाय आठवले. त्यांनी हसून मान डोलावली, हेडफोन स्वतःच्या हाताने त्याच्या कानांवर चढवला आणि यंत्राच्या मागून हेडफोनच्या वायरची पिन हळूच उपसून घेतली.

व्हॉल्व्ह लालभडक होते. हिंमतराव त्यांच्याकडे बघत बसला. डोळे मिटले, उघडले. गाद्या कानांवर दाबून पाहिल्या. मग त्याने ओट्यावरच्या तोंडांवरून नजर फिरवली. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याने मान डोलवायला सुरुवात केली, मांडीवर ताल धरला.

"वा!" तो ओरडला. "काय गळा हाय! वा!"

तारबाबूंनी ती सुटी पिन त्याच्या डोक्यावर उंच धरली.

"अबे, वायर तं बाहेर हाय!" शेषराव उठून उभे राहिले. "भैरा हाय हा! अन् याच्या हाती आपन गनपतीचा भोंगा देऊन राह्यलो!"

ओटा फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. आणि तारबाबू? तीन वर्षं दाबून ठेवलेलं हसू होतं ते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत, छताकडे तोंड करून ते हसले. आई गेल्यापासून इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

हिंमतराव वळला. त्याला पिन दिसली. त्याने हेडफोन उतरवला आणि नारळाशेजारी अलगद ठेवला. तारबाबूंच्या तोंडाकडे बघून तो काहीतरी म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.

ओटा रिकामा झाल्यावर तारबाबूंनी यंत्र बंद केलं. पत्रा अजून ऊन होता. शरयू दारातच उभी होती, पोळीचं पीठ हाताला तसंच.

"शरयू, जाताना काय म्हणाला गं तो?"

तिने नारळ उचलला, पदराने कुंकू पुसलं.

"शिवी दिली असेल," तारबाबू म्हणाले. "ओठ दोनदा हलले त्याचे. शिवीच ना?"

"मला ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं हसत होतात."