रस्त्यात थांबलेला रथ

काठमांडूत इंद्रजात्रेचा रथ गल्लीच्या तोंडाशी अडला होता. चाक दगडांत रुतलं होतं. ओढणारे घामानं निथळत होते, आणि दिवसभर हिंडून माझेही पाय भरून आले होते. मी ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाई, इथल्या मूळच्या नेवार समाजातल्या, शेजारी उभ्या होत्या. रथात देवी मानलेली लहान मुलगी, कुमारी, पेंगत होती.

"अडीचशे वर्षांपूर्वी गोरख्यांच्या राजानं आमचं शहर घेतलं ते याच जत्रेत," बाई म्हणाल्या. "आमचा राजा पळाला. कुमारी दरवर्षी जत्रेत राजाला टिळा लावायची. त्या वर्षी नव्या राजाला लावला."

"आणि लोकांनी काय केलं?"

"रथ ओढला. देवीला रस्त्यात कसं सोडणार?"

माझे वडील गेले त्या संध्याकाळीही आईनं दूध तापवलं होतं, नासू नये म्हणून. राज्यं बुडतात त्या दिवशीही संध्याकाळ होतेच, आणि ती कुणीतरी निभावायची असते.

पुढून हाळी आली. बाईंनी दोराला हात घातला, मागोमाग मीही. आधी चाक निघू दे. टिळा कुणाला, ते चौकात पोचल्यावर कळेलच.