सटवाजीचा साबण

गळती दिसली की सटवाजीचे हात शिवशिवायचे. जिंतूरच्या बसस्टँडमागे त्याचं दुकान. फवारणीचे पंप आणि मोटरसायकली दुरुस्त करायच्या, हा धंदा. मोटरसायकलची टाकी पाझरत असली की तो त्या जागी कोरडा धुण्याचा साबण घासायचा. साबण पेट्रोलला दाद देत नाही. गिऱ्हाईक तात्पुरतं म्हणून गाडी घेऊन जायचं आणि वर्षभर तसंच फिरायचं. सटवाजीला याचा गर्व होता आणि तो लपवायची तसदी त्यानं कधी घेतली नाही.

त्याची धाकटी बहीण सारजाबाई पोखर्णीकडे दिलेली. तिचा नवरा चंद्रभान सैन्यातून निवृत्त झाला. निवृत्त माणसं पिठाची गिरणी टाकतात. यानं हलकं विमान जोडायला घेतलं. उडायला तो रीतसर शिकला होता, परवानग्याही मिळवल्या होत्या. इंजिन नवंकोरं होतं. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल न्यायचं काम तेवढं उरलं होतं, ते सारजाबाईनं भावाच्या गळ्यात घातलं.

"दादा, गाडी रस्त्यात बंद पडली तर माणूस ढकलत आणतंय. वर बंद पडली तर कोण ढकलायचं?"

सटवाजी हसला खरा, पण घरी जेवताना त्याचं लक्ष ताटात नव्हतं.

त्यानं काम मात्र मन लावून केलं. एक पंप इंजिनावर, दुसरा बॅटरीवर. एक रुसला तर दुसरा हजर. आपल्याकडच्या उन्हात पाइप तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन उपाशी मरतं, म्हणून पाइप सायलेन्सरपासून लांबून नेला. गाळणी काचेची, कचरा दिसावा म्हणून. टाकीच्या तळाशी, पेट्रोलात उतरलेलं पाणी काढायला, छोटी तोटी. आणि झाकणाला बारीक भोक, कारण पेट्रोल जेवढं खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी.

दुकानातच टाकी भरून त्यानं सगळे जोड तपासले आणि भरलेली टाकी तशीच पोखर्णीला न्यायला टेम्पोत चढवली. रस्त्याची दशा सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला झाकणाच्या भोकातून पेट्रोल उडायचं, आणि टेम्पोवाल्याच्या तोंडात विडी. सटवाजीनं आधी विडी विझवायला लावली. मग हात आपोआप खिशात गेला, साबण निघाला, भोक बुजलं. पोचल्यावर काढू, असं तो मनाशी म्हणाला.

पोचल्यावर चहा आला, माणसं जमली, टाकी बसली. साबण राहिला.

चंद्रभान तर बसायलाच निघाला. सटवाजी आडवा आला. "दाजी, आधी विमान बाभळीला बांधू. अख्खी टाकी संपेस्तोवर इंजिन जमिनीवरच चालवायचं. मग तुमी अन् तुमचं आभाळ."

"लय भित्रे बुवा तुमी," चंद्रभान म्हणाला, पण ऐकलं.

इंजिन झकास चाललं. लोक कंटाळून पांगायच्या बेतात असताना त्याचा आवाज बारीक झाला. सटवाजीनं दुसरा पंप लावला. इंजिनानं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

त्यानं झाकण फिरवलं. सूं करून हवा आत गेली. त्याला सगळं कळलं. झाकणावर नख फिरवून त्यानं साबणाचा पिवळट गोळा काढला आणि सगळ्यांसमोर तळहातावर धरला. "म्या लावला होता. वाटंत सांडायलं म्हणून. काढायचा इसरलो."

चंद्रभानच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. सारजाबाई जवळ आली.

"वर असते तर?"

"पडले असते," सटवाजी म्हणाला. त्याला भयंकर लाज वाटली.

तिनं तो गोळा उचलून बाभळीच्या पलीकडं फेकला. "आता पुन्ना नीट बसव," एवढंच म्हणाली. दुसऱ्या कुणाला बोलवू, असं तिच्या तोंडातून आलं नाही.

सटवाजीनं भोकाच्या जागी दोन वाकड्या नळ्या बसवल्या, तोंडं खाली वळवलेल्या; एक बुजली तरी दुसरी उघडी राहावी. पुन्हा बाभळीला बांधून टाकी कोरडी होईपर्यंत इंजिन चालवलं. दुसऱ्या दिवशी चंद्रभान उडाला. सगळं गाव माना वर करून ओरडत होतं. सटवाजी खाली मान घालून, डोळे मिटून उभा होता.

"दादा, वर बघ की! किती लांब गेले!"

"गप," तो म्हणाला. "ऐकू दे."

विमान उतरून इंजिन बंद झालं, तेव्हाच त्यानं डोळे उघडले.