तोंड फिरवा त्याचं

न्हाणीची भिंत आत आली तेव्हा मी डोक्यावर पाणी ओतत होते. आधी वाटलं, डोळ्यांत साबण गेलाय म्हणून असं दिसतंय. मग विटा सारत एक रुंद लोखंडी पातं आत शिरलं. पात्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि झेंडूची माळ. कुंकू अजून ओलं होतं, इतक्या जवळून मी ते पाहिलं.

त्याच वेळी मागच्या पत्र्याच्या दाराची कडी तुटली. कोणीतरी आत घुसून माझा दंड धरला आणि मला बाहेर फेकलं. ओढलं नाही, फेकलं. मी परकरावर, ओल्या केसांनी, चिखलात तोंडघशी पडले. तोंडात माती, नाकात डिझेलचा वास. मागे काय कोसळलं ते मी पाहिलं नाही. ऐकलं.

ज्या हाताने मला फेकलं तो मी ओळखला. असा काळा, ओशट हात आमच्या चांदीप गावात एकच होता.

तो आमचा शेजारी. घरं समोरासमोर, मधे एक अंगण, आणि अंगणाच्या माझ्या बाजूला माझी न्हाणी. मी त्याला भावोजी म्हणायची, तो मला वयनी. तोंडावर मान आणि पाठीमागे शिव्या, असं बरं चाललं होतं. त्याचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की माणूस उगाच मोठा वाटायला लागतो.

माणूस घाणेरडा. मी चौथीपर्यंत शिकले, पण मला दुसरे शब्द येत नाहीत असं नाही. हाच शब्द बरोबर आहे. नखांत काळं, कानात काळं, मानेच्या वळीत काळं. त्याच हाताने तंबाखू मळायचा आणि त्याच हाताने भाकरी मोडायचा. आमच्या पंपाचं काही बिघडलं की बोलवावा लागायचा, आणि पंप तो नीट करायचाही. पण नंतर नळाला, भिंतीला, हंड्याला त्याचे अंगठे उठलेले असायचे, आणि पाण्याला कितीतरी दिवस रॉकेलचा वास. तक्रार केली की म्हणायचा, "पानी येतंय ना वयनी? मग वास कशाला घेताव?"

जन्मभर त्याने चेनचा ट्रॅक्टर चालवला. तुम्ही पाहिला असेल. चाकं नसतात, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांची साखळी फिरते, म्हणून चिखलात बुडत नाही. वसईच्या पूर्वेला आता बिल्डिंगा आहेत तिथे तेव्हा पुष्कळ ठिकाणी खाजण होतं, खाऱ्या पाण्याची दलदल. ट्रक मुरूम ओतायचे आणि हा त्यावरून फिरत जमीन सपाट करायचा.

माझी मुलगी तिथल्याच एका बिल्डिंगीत, एव्हरशाईनला राहते. नातीच्या बारशाला मी याला आणि याच्या बायकोला, शेवंतीला, बरोबर नेलं. खालच्या चकचकीत फरशीवर त्याने टाच आपटून पाहिली. "वयनी, ह्या सगल्याखाली माजा मुरूम हाय," म्हणाला, आणि लिफ्टच्या कोपऱ्यात पचकन थुंकला. वॉचमन धावत आला. हा त्याला शांतपणे म्हणतो, "थुकलो तर माज्याच जमिनीवर थुकलो ना?" मुलीने स्वतः फडकं घेऊन ते पुसलं. मला फरशीखाली त्या मुरुमात गाडून घ्यावंसं वाटलं.

तो काम सोडून घरी बसला, मालकाने ती मशीन भंगारात काढली, आणि एके दिवशी दुपारी ती आमच्या अंगणात आली. एका जेसीबीने ओढत आणली. चेन गंजून घट्ट झालेली, फिरत नव्हती, म्हणून माझं सारवलेलं अंगण नांगरतच आत आली. माझ्या न्हाणीसमोर येऊन थांबली, पातं पुढे करून. जेसीबीवाला साखळी सोडून निघून गेला.

मी ओट्यावरून म्हटलं, "भावोजी, तोंड फिरवा त्याचं. न्हाणीकडे बघतंय ते."

"त्याला डोले कुठं हायत वयनी?"

"मला आहेत ना. तोंड फिरवा."

"क्लच सुटू दे. मंग दोन दांडे वडले का गर्रकन फिरल."

स्टेअरिंग त्याला नव्हतंच. दोन दांडे होते. एक ओढला की एका बाजूला वळणार, दुसरा ओढला की दुसऱ्या. दोन्ही गंजून बसलेले. म्हणजे ते धूड वळणार नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चालेल असं मात्र कोणालाच वाटलं नव्हतं.

कशाला आणलं म्हणून मी विचारलं. तो पहिल्यांदाच जरा अडखळला. म्हणाला, "लोकांच्या जागा सपाट केल्या सगल्या. माजं खाचर वाकडंच रायलं." खरं होतं ते. गावाबाहेर त्याचं भाताचं खाचर होतं, एका अंगाला कललेलं. वरच्या बाजूला पाणी टिकत नसे, खालच्या बाजूला रोप कुजे. शेवंती दरवर्षी अर्ध्यातच लावणी करायची. भाड्याचा ट्रॅक्टर आणून एका दिवसात झालं असतं. मी तसं म्हटलंही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला दुसऱ्याच्या बायकोबरोबर नांदायला सांगितलं.

मग ती घाण सुरू झाली. इंजिन उघडलं. घण घालून चेन मोकळी केली. अंगणभर लोखंड पसरलं. शेवंतीच्या भाताच्या टोपात बोल्ट डिझेलमध्ये भिजायला पडले. तिने तो टोप परत मागितला नाही, मडक्यात भात शिजवू लागली. ग्रीसमध्ये माशा चिकटून मरायच्या. कोंबड्या काळ्या झाल्या. पावसात ते सगळं तेल वाहून माझ्या दारात यायचं, वर मोरपिसासारखे रंग आणि खाली गटार. माझ्या दोरीवरच्या लुगड्याला त्याने हात पुसले. मी लुगडं त्याच्या अंगावर फेकलं. त्याने ते घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या चिंध्या करून पार्ट पुसायला बसला.

सायलेन्सरमधून एकदा उंदराचं घरटं निघालं. पिल्लं मेलेली, काही अर्धी वाळलेली. त्याने ती कागदावर ठेवून माझ्या ओट्यावर आणली. का, तर "बगा वयनी, केवडं ऊबदार केलं हुतं बिचाऱ्यांनी." मी जेवत होते.

"भावोजी, हे मेलंय. तुमचा ट्रॅक्टरही मेलाय. दोन्ही एकाच खड्ड्यात पुरा."

"लोखंड मरत नाय वयनी," तो म्हणाला. हे त्याचं ठरलेलं वाक्य. बोल्ट तुटला, लोखंड मरत नाय. घण पायावर पडला, लोखंड मरत नाय. शेवंतीला ताप आला तेव्हासुद्धा हेच बोलला, पण ती लोखंडाची नव्हती. तिच्या डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या त्यानेच ठेवल्या. सकाळी तिच्या कपाळावर काळी बोटं होती.

संध्याकाळी काम आटोपलं की तो त्या फाटक्या सीटवर चढून बसायचा. दोन्ही हात दोन दांड्यांवर, डोळे मिटलेले, आणि तोंडाने इंजिनाचा आवाज. गिअर बदलल्याचा आवाजसुद्धा. म्हातारा माणूस! मी ओरडायची, "भावोजी, थुंकी उडतेय." तो डोळे न उघडता हात वर करायचा. चढ चढत असावा.

आणि एक दिवस ते सुरू झालं. माझे पापड वाळत होते. काळ्या धुराचा असा लोट आला की पापड, कपडे, तुळस, सगळ्यावर काजळी. तो रडत होता आणि हसत होता, शेंबूड मिशीत उतरला होता. मी पापड उचलून त्याच्यासमोर उकिरड्यावर टाकले. त्याला दिसलेही नाहीत.

सुरू झालं, पण बंद होईना. बंद करायचा दांडा कधीचा तुटून गेला होता. त्याने टाकीखालचा डिझेलचा कॉक फिरवला. "पाइपातलं डिझेल संपंपरेंत चालतंय," मला समजावून सांगत होता, "मंग आपसूक मरतंय." बराच वेळ धडधडून ते गप्प झालं. तेव्हापासून हे शेवंतीचं काम. तो वरून ओरडायचा, "कॉक!" आणि ती हातातली भाकरी टाकून धावायची.

विरारहून एक मेकॅनिक येऊन गेला. त्याने हात लावून सांगितलं, क्लच आतून चिकटलाय, तो सोडवल्याशिवाय गिअर टाकू नका, मशीन थांबणार नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. यानेही ऐकलं. मान डोलवली. आणि दसऱ्यापर्यंत खरंच गिअरला हात लावला नाही.

दसऱ्याला आपल्याकडे काय करतात तुम्हाला माहीत आहे. पाना, कोयता, गाडी, जे हाताला अन्न देतं त्याची पूजा. सकाळी शेवंती माझ्याकडे लिंबं मागायला आली. माझ्या झाडाची मोठी बघून दिली. तिने नवी साडी नेसली होती. भावोजी अंघोळ करून सदरा घालून उभा होता, त्या रूपात त्याला ओळखायला मला वेळ लागला. मशीनवर नवं पिवळं कापड, पात्यावर स्वस्तिक, माळ. गावातले बरेच जमले. त्याने इंजिन सुरू केलं आणि धूर थेट माझ्यावर आला. मी नुकती न्हाऊन देवाला बसणार होते. चार शब्द बोलले, ते इथे लिहीत नाही, आणि पुन्हा न्हायला गेले.

पुढचं शेवंतीने मला सांगितलं.

नारळ फोडला. आरती झाली. लिंबं दोन्ही चेनींच्या पुढे ठेवली होती. आणि सगळे थांबले. लिंबू फुटायचं राहिलं होतं. नवी गाडी असो की जुनी, चाकाखाली लिंबू चिरडलं नाही तर पूजा पुरी होत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोणीतरी म्हणालं, "दगडानं फोडा." तो वरून म्हणाला, "दगडानं? दगड शेतात जानार हाय का?" शेवंती म्हणाली, "नको हो, तो मेकॅनिक काय बोलला?"

"अगं लिंबू फुटंल येवडंच. हातभर."

त्याने गिअर टाकला. दातखिळी बसावी तसा आवाज झाला आणि ते धूड निघालं. लिंबं फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने क्लचचा दांडा ओढला. काही नाही. वळवायचे दोन्ही दांडे ओढले, उभं राहून ओढले. काही नाही. ते सरळ निघालं होतं, ज्या तोंडाने पहिल्या दिवशी उभं केलं होतं त्या तोंडाने. माणूस चालतो त्याहून हळू. पण थांबत नव्हतं.

शेवंती ओरडली, "वयनी आत हायत!"

त्याने एकदा टाकीकडे बघितलं, असं ती म्हणते. कॉककडे. मग टाकीकडे पाठ केली आणि उडी मारली. पाइपातलं डिझेल संपायला किती वेळ लागतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? न्हाणीला वळसा घालून तो मागच्या दाराशी आला.

तिथून पुढचं मी आधीच सांगितलं आहे. एवढंच नाही सांगितलं, की न्हाणीच्या स्लॅबवर पाण्याची टाकी होती. भरलेली.

शेवंती चालत्या मशीनवर चढली आणि कॉक बंद केला. कोणी ओरडलं नव्हतं, तरी केला. विटांच्या ढिगात पातं रुतलं होतं, चेन जागच्या जागी फिरत होती, आणि ते चालूच होतं. चालूच. लोक विटा उपसत होते, काहीजण मोबाईल धरून उभे होते. तिने मशीनवरचं पिवळं कापड ओढलं आणि खाली येऊन माझ्या अंगावर टाकलं. मग ते इंजिन आपसूक मेलं, आणि तेव्हा कुठे तिने ढिगाकडे पाहिलं.

लोक मला म्हणतात, त्याने तुमच्यासाठी जीव दिला. मी विचारते, आधी तो ट्रॅक्टर मला मारायला आणला कोणी? मला अजून त्याचा राग येतो. एका लिंबासाठी. हातभरासाठी. मुलगी म्हणते, आई, आता तरी इकडे ये. मी जात नाही. तिकडच्या फरशीखालीही तोच आहे.

माझ्या दंडावर त्याची पाच बोटं उठली होती, काळी, ग्रीसची. नवा सदरा घातला तरी हात तेच होते. त्याला नेलं त्या संध्याकाळी शेवंती माझ्याजवळ बसली, माझा पदर बाजूला केला आणि त्या बोटांवर आपली बोटं ठेवली. तिची लहान पडली. म्हणाली, "धुवू नका वयनी."

मी म्हटलं, "घाण आहे ती, शेवंती."

त्या दिवशी नाही धुतला. दुसऱ्या दिवशी राखेने घासला.

नवी न्हाणी घराच्या दुसऱ्या अंगाला बांधली. मशीन तिथेच आहे, पातं विटांमध्ये. भंगारवाला दोनदा येऊन गेला. शेवंतीने दार उघडलं नाही. यंदाही तिने अर्ध्याच खाचरात लावणी केली. माझ्या ओट्यावरून ते धूड रोज दिसतं. पावसाने सीट कुजली, चेनीतून गवत आलं, पण बाकी काही झालेलं नाही त्याला.

त्या दसऱ्याला त्या अंगणातून वाचलो ते तिघं. मी, शेवंती आणि तो ट्रॅक्टर.