तिरफळांशिवायची कढी

त्या तपासातली एक तक्रार माझ्याच विरुद्ध आली, म्हणून ते प्रकरण विसरणं शक्य नाही. हरवलेल्या मुलीचा मोबाइलवर माग काढताना माझं जाडं बोट घसरलं आणि मुलुंडच्या एका इडलीवाल्याला, माझ्या नावानिशी, पाचपैकी एकच तारा पडला. दुसऱ्या दिवशी बिचारा हात जोडून पोलीस ठाण्यात हजर. "साहेब, चटणी आंबट होती काय?"

मुलगी कांजूरमार्गची, मूळ घर मालवणकडचं. सज्ञान, कमावती. घरात लग्नाची बोलणी चालू असताना निघून गेली आणि फोन बंद. आम्ही मिसिंगची नोंद घेतली. वडिलांचा संशय शेजारच्या तरुणावर. "यानेच पळवली. आत टाका याला!"

त्या तरुणाला नुकतीच नोकरी लागली होती. नाव ठाण्याच्या कागदावर चढलं असतं तर ती नोकरी गेलीच असती. मी समोर बसवून आवाज चढवला. तो घाम पुसत म्हणाला, "साहेब, आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. ती म्हणते, बांगडा न खाणाऱ्याशी मी बोलणार पण नाही. कुठे मासे चांगले मिळतात ते नेटवर लिहीत असते ती. बघा ना, कुणालाही दिसतं."

संशयिताने तपासाची दिशा दाखवली आणि मी लगेच फोन काढला. इडलीवाल्याची वाट लागली ती तेव्हाच.

आमची महिला शिपाई म्हणाली, "साहेब, फोन इकडे द्या. आणखी कुणाचा धंदा बसेल."

घरच्या लाडक्या नावाने तिने शोधलं. मुलीचे अभिप्राय ढीगभर. सर्वांत ताजा, घर सोडल्यानंतरचा, घाटकोपरच्या एका खाणावळीबद्दल: 'बांगड्याच्या कढीत तिरफळां नाय. आवशीक कळला तर मारतली.'

आईला वाचून दाखवलं. ती रडता रडता हसली. "ह्या माझाच चेडू!"

दुपारी मुलगी त्याच खाणावळीत जेवताना भेटली. जवळच्या वसतिगृहात राहत होती. जबाब दिला, "मी माझ्या मर्जीने आले. मला आत्ता लग्न नको." तरुणाला आम्ही लगेच सोडलं, त्याच्या नावाची कुठेच नोंद केली नाही. वडिलांनी पत्ता मागितला, मी दिला नाही. आईने मागितलाच नाही. एक पुडी शिपाईबाईच्या हातात ठेवली. "तिका एवढा द्या."

पुडीत तिरफळं होती. वसतिगृहात मुलीने वास घेतला आणि तिथूनच आईला फोन लावला.

माणूस पळून गेला तरी जीभ घरचीच राहते, आणि हल्लीची मुलं घरात मनातच गिळलेलं जगाला उघड सांगतात, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

घरी जेवताना हे सगळं बायकोला मोठ्या रुबाबात सांगितलं. ती आमटी वाढत म्हणाली, "त्या इडलीवाल्याला चुकून का होईना, एक तारा तरी दिलात. मला इतकी वर्षं नुसतं 'ठीक आहे'."