सुनंदाताईंच्या अंगणातली जंबेरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला मी कोथिंबिरीच्या जुडीत गवत किती निघालं इथपासून सगळं सांगते, तो ऐको न ऐको. मग तुम्हालाच का? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आमच्या गल्लीत मला सगळे ओळखतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

नागपुरात जरीपटक्याच्या बाजाराच्या मागे आमची गल्ली. तिथे मी ‘झाडांची नावं येणारी बाई’ आहे. कुणाच्या कुंडीत काही अनोळखी उगवलं, की गल्लीच्या ग्रुपवर फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं — माधुरी, हे काय आहे? आता फोनसुद्धा फोटो पाहून नाव सांगतो, पण लोक ते नाव पुन्हा माझ्याकडून खरं करून घेतात. मला हे आवडतं. फार आवडतं. ते आधीच कबूल करून टाकते.

सुरुवात मात्र निव्वळ उत्सुकतेची होती. मी तिसऱ्या मजल्यावर वाढले. लग्नाआधी मला तुळस आणि सब्जा वेगळे आहेत हेही कळत नव्हतं. इथे आले तर मागच्या नळापाशी आपोआप एक रोप आलेलं. सासूबाई त्याला एक नाव सांगत, भांडेवाली दुसरं, पुण्याची जाऊ तिसरं. तिघीही ठाम. मला प्रश्न पडला — रोप एक, मग नाव खरं कुणाचं? आणि नाव कळल्यावर त्या रोपात असं काय बदलतं, की ते आपल्या ओळखीचं वाटायला लागतं? त्या दिवसापासून मला खोड लागली. पान चुरगाळून वास घ्यायचा. उलटं करून शिरा बघायच्या. पानं समोरासमोर येतात की एकाआड एक, ते बघायचं. देठ मोडून दूध निघतं का, ते बघायचं. दूध निघालं की अर्धी झाडं तिथेच बाद होतात. पेरूला इथे जाम म्हणतात आणि कढीपत्त्याला गोडलिंब, हे जाऊबाईंना समजावून सांगताना मला जी मजा यायची, ती मला ऑफिसात पगारवाढ झाली तेव्हाही आली नव्हती.

एक गोष्ट मात्र मी कधी शिकले नाही — ‘माहीत नाही’ म्हणायला. एकदा एका वेलीचं नाव मला येईना, तर मी सरळ ‘चंद्रवेल’ म्हणून मोकळी झाले. आज गल्लीत चार घरांवर ती चढलीये आणि सगळे तिला चंद्रवेलच म्हणतात. हाच माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटलं का? नाही. हा असता तर मी हसत सांगितला असता.

सुनंदाताई आमच्या शेजारच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, माहेर काटोलकडचं. त्यांच्या भावाची, रामदासदादांची, तिथे संत्र्याची बाग आहे. वडील गेल्यावर ताईंनी त्या जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडला — बहिणी सोडतात तसा, सही करून, त्याच्याच घरी जेवून. त्या बदल्यात काही मागितलं नाही. नुसतं म्हणाल्या होत्या, मले बागेतली एक कलम दे, अंगणात लावीन. दादा काटोलच्या बसनं ती कलम घेऊन आले. मुळांभोवती मातीचा गोळा, त्यावर ओलं पोतं. स्वतः खड्डा खणून लावून गेले. ताई त्या वीतभर रोपाकडे ज्या नजरेनं बघायच्या, ती नजर मला आठवते. हिस्सा सोडल्याचं त्यांना दुःख नव्हतं. पण आपलं म्हणून तिथलं काहीतरी हवं होतं, आणि ते हे होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडे आणि झाडही माझ्याकडे. “पाणी टाकत जाजो,” म्हणाल्या, “अन् काही समजलं नाही तर दादाले फोन करजो वं.” नंबरही देऊन गेल्या.

नागपूरचा मे महिना काय असतो, ते मी सांगायला नको. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते, जुनी साडी बांधून सावली केली होती. तरी एक दिवस बघते तर त्या रोपाचे दोन भाग दिसायला लागलेले. जमिनीतूनच दोन फांद्या निघाल्यासारख्या — एक बारीक, पानं मुडपलेली, रुसल्यासारखी. दुसरी सरसर वाढणारी, काटेरी, हिरवीगार. आळ्यात मी माती आणि खत इतकं चढवलं होतं, की बुंध्याचा जोड केव्हाच झाकला गेला होता. यांतली एक फांदी संत्र्याची आणि एक ज्यावर कलम बांधतात त्या खालच्या जंगली खुंटाची, एवढं मला कळलं. गुलाबाचं असंच असतं. जंगली धुमारा कापला नाही तर तो कलमेला खाऊन टाकतो. पण इथे जंगली कोणती?

मी खाली बसले. दोन्हींची एकेक पानं चुरगाळली. वास घेतला. हे मला इतकं गमतीचं वाटत होतं म्हणून सांगू — उन्हात बसून मी एकदा या हाताचा वास घेत होते, एकदा त्या हाताचा. काटेरीचा वास जास्त झणझणीत होता, लिंबासारखा, ताजा. बारीक फांदीचा अगदी मंद. मी ठरवलं, ज्यात जास्त दम ते खरं. ताईंचा दादा बागेतलं उत्तम तेच देणार ना?

फोन करता आला असता. फोटो पाठवता आला असता. दादांनी क्षणात सांगितलं असतं. मी का नाही केला? कारण झाडाबद्दल मी कुणाला विचारायचं, हे माझ्या पचनी पडेना. मी नवी कात्री आणली आणि बारीक फांदी मातीलगत कापली.

ताई परतल्या तेव्हा ते झाड त्यांच्या कमरेला लागत होतं. “तुह्या हाताले गुण हाय वं,” म्हणाल्या. पुण्याहून माझ्यासाठी साडी आणली होती. मी ती घेतली. तोवर मला काही माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण ते फार दिवस खरं राहिलं नाही.

त्याच पावसाळ्यात मी एका रोपवाटिकेत गेले, सहज. तिथे संत्र्याच्या कलमा ओळीनं मांडलेल्या. खुंट जंबेरीचा असतो — मोठं, खडबडीत, आंबट लिंबू म्हणा — आणि त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. शेजारच्या वाफ्यात नुसत्या जंबेरीची रोपं होती. काटेरी. पानांच्या कडा बारीक दातेरी. कोवळ्या शेंड्यांवर जांभळट झाक. मी एक पान चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. तो वास मी दोन महिने ताईंच्या अंगणात घेत होते.

घरी येऊन, ताई बाजारात गेलेल्या असताना, मी आळ्यातली माती बोटांनी उकरली. सापडलं. जोडाची ती जाडसर गाठ आणि तिच्यावर वाळलेला, तिरका कापलेला ठोंब. माझ्या कात्रीचा काप. मी तो ठोंब मोडून काढला, माती पुन्हा सारखी केली, वर पालापाचोळा टाकला. मग हात धुतले. बघा — चूक करताना मी अडाणी होते. पण माती सारखी करताना अडाणी नव्हते.

त्यानंतरची काही वर्षं मी लिंबू-संत्र्याच्या जातींबद्दल जे जे मिळेल ते शिकले. देठाला जो पंखासारखा भाग असतो तो कोणात रुंद, कोणात अरुंद; कोणाचं फूल पांढरंशुभ्र, कोणाचं जांभळ्या छटेचं. आज तुम्ही डोळे बांधून माझ्या हातात पान द्या, मी ओळखेन. शिकताना अजूनही तीच मजा येत होती, ही त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. आणि एवढं शिकूनही दर बहाराला मला आशा वाटायची, की कदाचित या झाडाला संत्रं लागेल. ज्या बाईला झाडं ओळखता येतात, तिनं ही आशा धरायची?

चौथ्या वर्षी फळं धरली. पिवळी, खरबरीत, टोकाला बोंड आलेली. ताईंनी एक कापलं, चाखलं. मग भावाला फोन लावला. दादा म्हणाले ते कुणीही बागवाला म्हणेल — कलम मेली असन, खालून जंबेरी फुटली असन. तू नव्हती तवा झालं असन. ताईंनी फोन तसाच हातात धरून मला हाक मारली. मी कुंपणापाशी गेले. म्हणाल्या, “तू होती ना वं तवा? कलम मेली होती काय?”

बस. एवढाच प्रश्न होता. मी म्हणाले, “नाही. जशी लावली होती तशीच आहे. मी एक पानही तोडलं नाही.”

आता तुम्हाला कळलं. हे मला सांगायचं होतं.

फोनवर दादांनी ते ऐकलं असणार. ताई त्यांना एवढंच म्हणाल्या, “मी वावर सोडलं दादा, अन् तू मले जंगली झाड देल्लं.” आणि फोन ठेवला. त्या वर्षी भाऊबीजेला गेल्या नाहीत. पुढच्या वर्षीही नाही. एका थंडीत दादांनी बसच्या कंडक्टरकडे संत्र्यांची पेटी पाठवली. ताईंनी ती न उघडता माझ्या ओट्यावर आणून ठेवली, “पोरायले दे” म्हणाल्या. मी काय केलं असेल? मुलांना दिली. स्वतःही खाल्ली. साल सोलताना जो वास आला, तो मला ओळखीचा होता — मंद, गोडसर, त्या बारीक फांदीच्या पानाचा. मी उरलेली फोडही खाल्ली.

इथवर मी भेदरट होते, असं म्हणून कदाचित मला निभावून नेता आलं असतं. पण गेल्या वर्षी दादांच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका आली, पाठोपाठ वहिनींचा फोन आला. ताई चार दिवस अस्वस्थ होत्या. मग एका दुपारी माझ्याकडे आल्या, भाजी निवडत बसल्या, आणि खाली बघतच म्हणाल्या, “तुले पक्कं आठवते ना वं? उन्हाळ्यात एखादवेळी वाळली असन थे कलम. ध्यानात नसन राहिलं. इतकी वर्षं झाली.”

त्या मला वाट करून देत होत्या. मला नाही — स्वतःला. त्यांना जायचं होतं. भाऊ खोटा नाही, असं कुणीतरी म्हणावं एवढंच हवं होतं, आणि ते म्हणू शकणारी जगात मी एकटीच होते. ‘हो, आठवत नाही बाई नीट’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझा काप, माझा ठोंब, कशाचंही नाव काढावं लागलं नसतं.

मी म्हणाले, “पक्कं आठवतं ताई.”

का म्हणाले? मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. पान चुरगाळावं तसा तो क्षण चुरगाळून बघते, वास घेते. भीती होती का? आता कोण काय करणार होतं मला? मला वाटतं, त्या ‘पक्कं’ शब्दात नेहमीचीच चव होती. कुणी विचारलं, आणि मला उत्तर आलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ताई माझ्याकडे आल्या. अंगावर नवी साडी, मोरपंखी, जरीचे काठ. लग्नाला नेसावी तशी. म्हणाल्या, घरात करमत नाही वं. आम्ही ओट्यावर बसलो. त्या मधूनच घड्याळाकडे बघत होत्या. एकदा म्हणाल्या, “आता हळदीचं उरकलं असन.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “दादाले धावपळ झेपत नाही आताशा.”

अजून वेळ होता. लग्न दुपारचं होतं, काटोल इथून दूर नाही, बसही भरपूर असतात. हे सगळं मला तिथे बसल्याबसल्या माहीत होतं. मी त्यांना आणखी थोडा चहा घेणार का, ते विचारलं.