नारळपाणी प्यालेली वीट

दिपमाला भडगावची. तिच्या वडिलांची गिरणाकाठी वीटभट्टी आहे. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ती संशोधन करायला आली आणि मातीत लाकडाचा भुसा कालवून विटा भाजायला लागली. भुसा जळतो, वीट आतून भोकाभोकांची होते. काही लघुग्रह असेच पोकळ असतात. पृथ्वीच्या वाटेवर आलेल्या अशा लघुग्रहाला धक्का दिला तर तो किती सरकेल, हे बघायला ती विटांवर हवेच्या दाबाच्या बंदुकीनं छर्रा मारणार होती. बऱ्याच विटा भट्टीत तडकल्या. धड अशी एकच निघाली. दसऱ्यानंतर पुण्याचे परीक्षक येणार होते आणि त्यांच्या होकारावर तिचं पुढचं संशोधन अवलंबून होतं.

खंडेनवमीला विभागप्रमुख नवल सरांनी बंदुकीची पूजा घातली. बंदुकीसमोर वीट मांडलेलीच होती. तिच्यावरही हळदकुंकू पडलं. वर नारळ फोडायला सरांना तीच कडक जागा सापडली! मी प्रयोगशाळेतला मदतनीस, पण त्या दिवशी गावी होतो.

परीक्षकांच्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि नाक दाबलं. आंबूस वास, विटेवर मुंग्यांची रांग. दिपमाला विटेला हात लावून उभी होती.

"लीलाधर भाऊ, हाई ईट बठ्ठं पानी पी गई." नारळाचं सगळं पाणी विटेच्या भोकांत मुरलं होतं.

तिनं सरांना सांगितलं, आज प्रयोग नको. सर म्हणाले, "अगं, कोणाला कळणार आहे? मुंग्या पूस आणि मार."

तिनं नकार दिला, तेव्हा चाप सरांनीच ओढला. कोरड्या विटेत छर्रा नुसता खोल रुतला असता, फारसं काही उडालं नसतं. ही भिजलेली वीट फाटकन फुटली आणि ढेकळं काचेवर आदळली. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. एवढा माल मागे उडतो म्हणजे त्याचा उलटा धक्काही मिळून लघुग्रह सहज ढकलता येईल, असं ते म्हणाले. सर मान डोलावत होते.

"सर, हाई खोटं शे," दिपमाला म्हणाली. मग नारळाची सगळी हकिगत तिनं शुद्ध मराठीत सांगितली. "हे आकडे खरे धरले तर उद्या खरा दगड आल्यावर आपला धक्का कमी पडेल."

परीक्षक हसले. "पोरी, श्रद्धेच्या गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत." सरांनी खोबरं वाटलं. परीक्षकांनी ते चवीनं खाल्लं. दिपमालानं हातावरचा तुकडा फुटक्या विटेशेजारी ठेवला, आपलं नाव अहवालातून काढायला सांगितलं आणि भडगावची बस धरली.

संशोधन मंजूर झालं, तिच्याशिवाय. विटेचे तुकडे आता काचेच्या पेटीत आहेत. येणाऱ्या पाहुण्यांना ते दाखवायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलंय. मी काही समजावत बसत नाही. झाकण उघडतो आणि म्हणतो, "आधी वास घ्या."